मॉडेल १९ घेताना: आधी काडतूस, मग हात, डॅश त्यानंतर

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आणि नेमबाजीची गोडी लागलेल्या आपल्या मंडळींकडून मला वारंवार एकच प्रश्न येतो: "स्मिथ अँड वेसनचं मॉडेल १९ रिव्हॉल्व्हर घ्यायचंय. १९-३ घेऊ की १९-४?" हा प्रश्न चुकीच्या टोकाने सुरू होतो, आणि म्हणून पुढचं सगळं चुकतं. डॅश, म्हणजे मॉडेल क्रमांकापुढचा सुधारित आवृत्तीचा आकडा, ठरतो, मग नळीची लांबी ठरते, मग चकाकी बघून पैसे दिले जातात. काडतूस कोणतं झाडणार आणि नळीची मागची कड शाबूत आहे का, हे विचारायचं राहूनच जातं.

माझं पहिलं मॉडेल १९ मी असंच घेतलं. सहा इंची, निकेलचं, दुकानाच्या दिव्याखाली आरशासारखं लखलखणारं. घरी आणून नळीच्या मागच्या तोंडावरची काजळी ब्रशने काढली, टॉर्च धरला, तर खालच्या बाजूला केसाएवढी काळी रेघ. नख फिरवलं, नख अडकलं. ती चीर होती. विकणाऱ्याने ती सांगितली नव्हती आणि मी बघितली नव्हती. तेव्हापासून मी ज्या क्रमाने जातो तो क्रम इथे देतोय. रिव्हॉल्व्हर वापरण्यासाठी घेणाऱ्यांनाच तो लागू पडेल. खोक्यासकट, न झाडलेला नमुना कपाटात ठेवणाऱ्या संग्राहकाचं गणित वेगळं असतं.

## टप्पा १: घेता येतं का, ते आधी बघा

एच-वन-बी, एल-वन, एफ-वन किंवा आई-वडिलांचा बी-टू यांसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे बंदूक किंवा काडतूस बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असे काही अपवाद आहेत, पण ते आपल्याला लागू होतात की नाही हे मित्राला विचारून ठरवू नका, वकिलाला विचारा. चूक झाली तर दंडावर भागत नाही, इमिग्रेशनच मुळापासून अडचणीत येतं. ग्रीन कार्डधारक आणि नागरिक घेऊ शकतात. परवानाधारक विक्रेत्याकडून हँडगन घ्यायला वय २१ पूर्ण लागतं.

विक्रेत्याकडे फॉर्म ४४७३ भरावा लागतो. त्यात 'प्रत्यक्ष खरेदीदार तुम्हीच का' असा प्रश्न असतो. नवरा एच-वन-बीवर आणि बायको नागरिक, म्हणून तिच्या नावावर घेऊन वापरणार तो, हा मार्ग सरळ गुन्ह्याकडे जातो.

त्यावर राज्याचा कायदा वेगळा. न्यू जर्सीत प्रत्येक हँडगनसाठी खरेदीचा स्वतंत्र परमिट लागतो, इलिनॉयमध्ये फॉइड कार्ड, म्हणजे बंदूक बाळगणाऱ्याचं ओळखपत्र, कॅलिफोर्नियात दहा दिवसांची वाट. दुसऱ्या राज्यातून ऑनलाइन घेतलेली हँडगन थेट घरी येत नाही, आपल्या राज्यातल्या परवानाधारक विक्रेत्याकडेच येते.

इशारा: रेंजवर नेलेली बॅग भारतात जाताना वापरू नका. कप्प्याच्या शिवणीत अडकलेलं एक जिवंत काडतूस मुंबईच्या विमानतळावर सापडलं तरी शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदला जाऊ शकतो. रेंजची बॅग वेगळी ठेवा आणि ती कधीही घरातल्या सामानात मिसळू देऊ नका.

## टप्पा २: काय झाडणार, ते कागदावर लिहा

पुढच्या वर्षभरात तुम्ही शंभर गोळ्या झाडल्या, तर त्यांतल्या किती .३८ स्पेशल असतील आणि किती पूर्ण ताकदीच्या .३५७ मॅग्नम? या रिव्हॉल्व्हरमध्ये दोन्ही चालतात. खरा आकडा लिहा. मॉडेल १९ तुमच्यासाठी आहे की नाही, हे याच आकड्यावरून कळतं.

कारण असं. मॉडेल १९ ही के-फ्रेम, म्हणजे मूळची .३८ स्पेशलच्या मापाची चौकट. बॉर्डर पेट्रोलमधल्या बिल जॉर्डन यांना पट्ट्यावर दिवसभर बाळगता येईल असं हलकं मॅग्नम हवं होतं. १९५५ मध्ये ते 'कॉम्बॅट मॅग्नम' या नावाने आलं. सराव .३८ वर आणि कामगिरीवर मॅग्नम, ही त्यामागची कल्पना. एवढ्याशा चौकटीत सिलिंडर बसवायला नळीच्या मागच्या टोकाची खालची बाजू सपाट कापावी लागली. या टोकाला फोर्सिंग कोन म्हणतात. गोळी सिलिंडरमधून नळीत शिरते ती इथून. सपाट कापल्यामुळे घड्याळात सहा वाजतात त्या बाजूला तिथलं पोलाद सर्वांत पातळ आहे.

त्यातून १२५ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) हलक्या, पूर्ण ताकदीच्या मॅग्नम गोळ्या सतत झाडल्या की नेमकी तीच जागा मार खाते. हलकी गोळी आखूड असते आणि वेगाने पुढे निघते, त्यामुळे जळती दारू आणि तापलेला वायू त्या पातळ कडेवर जोरात आदळतात. १५८ ग्रेनची गोळी इथे बरीच सौम्य वागते.

म्हणून माझा हिशेब असा: शंभरात ऐंशी-नव्वद .३८ आणि उरलेल्या १५८ ग्रेनच्या मॅग्नम, तर मॉडेल १९ घ्या, आयुष्यभर साथ देईल. दर खेपेला मॅग्नमच झाडायचं असेल तर मॉडेल १९ बाजूला ठेवा आणि स्मिथ अँड वेसनचंच मॉडेल ६८६ बघा. ती एल-फ्रेम, म्हणजे के-फ्रेमपेक्षा मोठी चौकट, फोर्सिंग कोन भरीव, वजन थोडं जास्त, आणि मुठीचं माप मात्र के-फ्रेमचंच. मॅग्नमचाच नाद असलेल्या माणसाने जुनं मॉडेल १९ घेणं मला त्या वस्तूवर अन्याय वाटतो, कारण या जुन्या नळ्या आता सहज बदलून मिळत नाहीत.

तपासा: आकडा लिहून झाला? तो खिशात ठेवा. दुकानात गेल्यावर मन बदलतं.

## टप्पा ३: हात

भाड्याने रिव्हॉल्व्हर देणाऱ्या रेंज बऱ्याच गावांत आहेत. कुठलीही के-फ्रेम मागा. मॉडेल १९ नसेल तर ६६ चालेल. ते तेच रिव्हॉल्व्हर, स्टेनलेस पोलादातलं. कानांना आतून प्लग आणि वरून मफ, दोन्ही लावा. बंदिस्त रेंजमध्ये मॅग्नमचा आवाज एका संरक्षणाने भागत नाही. डोळ्यांवर चष्मा हवाच.

आधी पन्नास .३८ झाडा, मग फक्त सहा मॅग्नम. आणि या गोष्टी टिपा:

- मूठ नीट धरल्यावर तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर सहज पोचतं का? पोचायला हात फिरवावा लागत असेल तर जाडजूड लाकडी टार्गेट मूठ तुमच्यासाठी नाही. सडपातळ मूठ लावून पुन्हा बघा.
- डबल अ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे हॅमर मागे न ओढता नुसता ट्रिगर दाबून, सहा गोळ्या झाडताना समोरची साइट थरथरते का?
- सहाव्या मॅग्नमनंतर अंगठ्याच्या बेचक्यात दुखतंय का?

बरेच जण इथे मुठीच्या लाकडावर भाळतात. मूठ दोन मिनिटांत बदलता येते. तिच्यासाठी रिव्हॉल्व्हर निवडू नका आणि तिच्यामुळे नाकारूही नका.

## टप्पा ४: नळीची लांबी

जुनं मॉडेल १९ मुख्यतः तीन लांब्यांत भेटतं: अडीच, चार आणि सहा इंच.

पहिलं आणि एकच घेणार असाल तर चार इंची. वजन साधारण एक किलो, तोल हाताच्या जवळ, आणि रिकामी काडतुसं बाहेर ढकलणारा दांडा पूर्ण लांबीचा.

अडीच इंची गोंडस दिसतं, म्हणून खूप मागणी असते आणि भावही चढा असतो. पण त्याचा दांडा आखूड आहे. मॅग्नमची लांब टरफलं पूर्ण बाहेर पडत नाहीत, नखाने उपसावी लागतात. आवाज आणि जाळही जास्त. सहा इंची कागदी टार्गेटवर नेम धरायला सगळ्यात सोपं, पण नाकाकडे जड. ज्यांचं मनगट लवकर थकतं त्यांनी दुकानात हात लांब करून मिनिटभर धरून बघावं. उत्तर तिथेच मिळतं.

निकेलबद्दल एवढंच: अमोनिया असलेलं, तांबं विरघळवणारं द्रावण त्यावर फार वेळ ठेवलं तर मुलामा उचलला जाऊ शकतो. निळसर काळी पॉलिश गंजाला जपावी लागते, पण तिची अवस्था नजरेला प्रामाणिकपणे दिसते.

## टप्पा ५: डॅश कसा वाचायचा, किती मनावर घ्यायचा

सिलिंडर बाहेर काढा. त्याला तोलून धरणाऱ्या हाताला योक म्हणतात. योक जिथे चौकटीत बसतो त्या खाचेत मॉडेल क्रमांक ठोकलेला असतो. १९५७ नंतरच्या रिव्हॉल्व्हरवर तो मिळतो, त्याआधीच्यांवर मॉडेल क्रमांक नसतोच.

नेहमीची चूक: त्याच खाचेत आणखी काही आकडे असतात. ते बहुधा जुळणीचे क्रमांक असतात, त्यांना सिरियल क्रमांक समजू नका. सिरियल मुठीच्या बुडाला असतो. मोठी टार्गेट मूठ असेल तर ती काढल्याशिवाय दिसत नाही. फॉर्मवर कोणता क्रमांक चढतोय, तो स्वतः ताडून बघा.

वापरणाऱ्याला कामाचे एवढेच बदल:

- १९-१ (१९५९): दांड्याचा आटा उलटा केला. त्याआधीच्यांत दांडा झाडता झाडता सैल होऊन सिलिंडर अडकू शकतो.
- १९-३ (१९६७) आणि १९-४ (१९७७): दोघांतला मुख्य फरक म्हणजे गॅस रिंग, म्हणजे गरम वायू सिलिंडरच्या आसात शिरू न देणारं कडं, योकवरून सिलिंडरवर गेली. निशाणा दोघांचा सारखाच.
- १९-५ (१९८२): नळीतली आडवी पिन गेली, आणि चेंबरची, म्हणजे सिलिंडरमधल्या काडतुसाच्या भोकाची, काडतुसाची कड आत बुडवणारी खोलगट कडही गेली.
- १९-६ (१९८८): योक धरून ठेवण्याची पद्धत बदलली.

१९९९ मध्ये उत्पादन थांबलं आणि २०१८ मध्ये मॉडेल १९ पुन्हा बाजारात आलं. तेव्हा आलेल्या नव्यात चौकटीच्या डाव्या अंगाला किल्लीच्या कुलपाचं छिद्र आहे.

१९-४ पर्यंतच्या 'पिन्ड अँड रिसेस्ड', म्हणजे ती पिन आणि ती खोलगट कड असलेल्या, रिव्हॉल्व्हरला बाजारात जास्त पैसे पडतात. ते काम देखणं आहे, मलाही आवडतं. पण त्यामुळे गोळी अधिक अचूक जात नाही. सैल झालेल्या १९-३ पेक्षा घट्ट, कमी झाडलेलं १९-५ मी डोळे मिटून घेईन.

## टप्पा ६: समोरच्या नगाची तपासणी

इथे घाई करू नका. बरोबर लहान टॉर्च, पांढरा कागद, फिलर गेज आणि .३५७ ची सहा खोटी, म्हणजे दारू नसलेली, काडतुसं न्या. फिलर गेज म्हणजे आपल्याकडे गॅरेजवाला प्लगचा गॅप मोजतो तेच. रिव्हॉल्व्हर हातात घेण्याआधी विक्रेत्याला विचारा: "मूठ काढून बघू का? कोरडा ट्रिगर ओढू का? गेज लावू का?" तो नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा.

सगळ्यात आधी: सिलिंडर उघडा, सहाही चेंबर डोळ्यांनी बघा आणि बोटाने चाचपा. तोंड कायम सुरक्षित दिशेला. सिलिंडर मनगटाला झटका देऊन बंद करायचा नाही, त्याने योक वाकतो. दुकानात कुणी तसं करताना दिसलं तर तिथलं रिव्हॉल्व्हर दुप्पट काळजीने तपासा.

क) फोर्सिंग कोन. सिलिंडर बाहेर असतानाच नळीची मागची कड बघा. काजळी असेल तर पुसायला सांगा, कारण काजळीखाली चीर लपते. सहाच्या बाजूला टॉर्च तिरका धरा. रेघ दिसली तर नख फिरवा. नख अडकलं तर रिव्हॉल्व्हर परत ठेवा. यावर घासाघीस नाही. चौकटीच्या वरच्या पट्टीखाली, नळीच्या अगदी वर, एक बारीक जळकी खाच दिसेल. ती वेगळी. ती थोडी खोल होऊन थांबते, तिला घाबरू नका.

ख) नळी. मागून पांढरा कागद धरून पुढून उजेड सोडा आणि आत बघा. आत गडद कडं दिसलं तर तिथे नळी फुगलेली असू शकते. बाहेरून बोट फिरवून उंचवटा लागतो का बघा.

ग) चेंबर. .३८ चं टरफल आखूड असतं. वर्षानुवर्षं तेच झाडलं की चेंबरमध्ये त्याच्या तोंडापाशी कार्बनचं कडं साचतं. खोटी .३५७ काडतुसं सहज आत बसतात का बघा. कडं असेल तर ते साफ होतं, पण साफ करून दाखवा असं विक्रेत्याला सांगा. त्याखाली खड्डे असू शकतात.

घ) दांडा. सिलिंडर बाहेर ठेवून फिरवा आणि दांड्याच्या टोकाकडे बघा. टोक गोल गोल डोलत असेल तर दांडा वाकलाय.

च) टायमिंग. बहुतेक जण नेमकी ही तपासणी चुकवतात, कारण ते हॅमर झटक्यात मागे ओढतात. सिलिंडर बंद करा, खोटी काडतुसं आत ठेवा. एका बोटाने सिलिंडरला अगदी हलका अडसर द्या आणि हॅमर अंगठ्याने मुंगीच्या पावलाने मागे आणा. हॅमर पूर्ण मागे अडकण्याआधी किंवा त्याच क्षणी सिलिंडर खाचेत 'टक्' करून बसला पाहिजे. हॅमर अडकला आणि सिलिंडर अजून सरकतोय, तर तो चेंबर मागे पडतोय. सहाही चेंबरवर करा, मग डबल अ‍ॅक्शनमध्ये सावकाश पुन्हा सहा वेळा. पाच बरोबर आणि एक चुकीचा, असंही असतं.

छ) सिलिंडरची हालचाल. ट्रिगर दाबलेलाच ठेवून सिलिंडर डावी-उजवीकडे हलवा. स्मिथ अँड वेसनमध्ये किंचित हालचाल असणारच. जुन्या कोल्ट पायथनसारखं ते गच्च बसत नाही, म्हणून बिघडलंय असं समजू नका. मागे-पुढची हालचाल जास्त महत्त्वाची. सिलिंडर मागे दाबून नळी आणि सिलिंडरमधला गॅप मोजा, मग पुढे दाबून पुन्हा मोजा. पहिला आकडा ४ ते ८ थाउ, म्हणजे इंचाचे हजारावे भाग, असावा. १० च्या वर गेला तर भाव उतरवा किंवा सोडा. दोन आकड्यांतला फरक एक-दोन थाउ ठीक. तीनच्या वर गेला तर पातळ वॉशर टाकून दुरुस्ती होते, पण तो खर्च विक्रेत्याच्या किमतीतून वजा झाला पाहिजे.

ज) ढकलून बघणं. हॅमर मागे अडकवा, ट्रिगरला हात न लावता अंगठ्याने हॅमर पुढे ढकला. बऱ्यापैकी जोर लावा. निसटला तर कुणीतरी आतल्या खाचा घासल्यात. असं रिव्हॉल्व्हर घरात आणू नका.

झ) मुठीखालचा स्क्रू. मूठ काढल्यावर पुढच्या पट्टीवर खाली एक स्क्रू दिसतो, मुख्य स्प्रिंगवर ताण देणारा. ट्रिगर लोण्यासारखा वाटावा म्हणून काही जण तो सैल करतात. मग रेंजवर हॅमर पडतो आणि काडतूस पेटत नाही. तो पूर्ण आवळून मगच ट्रिगर पारखा. सगळ्याच स्क्रूंची तोंडं बघा. चेचलेली असतील तर आत हौशी हात गेलाय.

## टप्पा ७: आधी तपासणी, मग फॉर्म

ऑनलाइन घेतलं तर तपासून परत करण्याची मुदत किती, हे पैसे देण्याआधी लेखी घ्या. फोर्सिंग कोनचा आणि योकच्या खाचेचा जवळून काढलेला फोटो मागा. "फोटो नीट येत नाही" हे उत्तर मिळालं की मी पुढे जात नाही.

रिव्हॉल्व्हर तुमच्या विक्रेत्याकडे पोचल्यावर टप्पा ६ पूर्ण करा आणि मगच फॉर्म ४४७३ ला हात लावा. एकदा ते तुमच्या नावावर झालं की परत पाठवणं म्हणजे नवी कागदपत्रं, नवा खर्च आणि नवा वाद. माझ्या त्या निकेलच्या वेळी मी फॉर्म आधी भरला होता.

किंमत ठरवताना विक्रेत्याची फी, मालवाहतूक आणि तिजोरी धरा. तिजोरी नंतर बघू, असं नाही. घरात लहान मुलं असोत वा नसोत, ज्या दिवशी रिव्हॉल्व्हर येतं त्या दिवशी कुलूपबंद जागा तयार हवी, आणि काडतुसं वेगळ्या कुलपात.

## टप्पा ८: पहिल्या पन्नास गोळ्या

पहिल्या दिवशी फक्त .३८. प्रत्येक चेंबरला टिपणीच्या पेनने बारीक खूण करा, एक ते सहा, आणि कोणत्या चेंबरची गोळी कुठे लागली ते कागदावर मांडा. एकाच चेंबरच्या गोळ्या बाजूला जात असतील, किंवा तो झाडताना शिशाचे कण गालाला लागत असतील, तर टायमिंग पुन्हा तपासा. शेजारी उभ्या असलेल्यालाही विचारा, कारण कण बाजूला उडतात. ते त्याला आधी लागतात.

टरफलांच्या बुडाशी बघा: फायरिंग पिनचा ठसा मध्यभागी आणि खोल हवा. उथळ असेल तर मुठीखालचा तो स्क्रू.

मॅग्नम दुसऱ्या खेपेला. सहा झाडा, थांबा, रिव्हॉल्व्हर रिकामं करून थंड होऊ द्या, सिलिंडर उघडून पुन्हा चाचपा, फोर्सिंग कोन पुसा आणि टॉर्च तिरका धरून सहाच्या बाजूला बघा. मी आजही दर महिन्याला हे करतो, त्याच नखाने.